इप्पत्तु की एप्पत्तु

निपाणीहून निघालो त्या दिवशी मोटारीच्या टपावर आमचं जातं चढवताना क्लीनर म्हणाला, "आक्का, बेळगावात जाती मिळत न्हाईत व्हय?" मी म्हटलं, "मिळतात रं, पण आमच्या मालकांच्या वहीत त्याला पैसे धरलेले न्हाईत."

ती वही काय ते सांगते. आमचे हे तंबाखूच्या वखारीत वजनं घ्यायचे. पंचेचाळिशीतच खोकून खोकून छाती रिकाम्या डब्यागत वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, धूळ सोडा, न्हायतर जग सोडा. ह्यांनी नोकरी सोडायची ठरवली. पोस्टात साठवलेल्या पैशांवर उरलेलं आयुष्य काढायचं, म्हणून सहा महिने खर्च मांडत बसले. जोंधळा इतका, गूळ इतका, तूप फक्त सणाला. स्वतःचं आयुष्य पंच्याहत्तर धरलं आणि माझं सत्तर. मी विचारलं, "अवो, माझी पाच वर्षं कुठं गेली?" तर म्हणाले, "तू पाच वर्षांनी ल्हान हाईस. दोघं एकदमच जाऊ, म्हंजे एकाचं भाडं वाचतंय."

बेळगाव निवडलं ते थंड हवेसाठी. पेन्शनीत निघालेली लई माणसं तिथंच जाऊन राहतात. घर ह्यांनीच ठरवलं. मालकीण एक कानडी अज्जी, तोंडात दात औषधाला न्हाय. वर्षाचं भाडं वीस रुपये ऐकून हे खूश. कानडीत बोललं की स्वस्त मिळतंय, असं अख्ख्या वखारीला सांगून आले.

दिवाळीला अज्जी अर्ध्या वर्षाचं भाडं मागायला आली. ह्यांनी दहा रुपये दिले. तिनं ते पदराला बांधले आणि हात तसाच पुढं ठेवला. "मूवत्तैदु," म्हणाली. म्हणजे पस्तीस. कानडीत इप्पत्तु म्हणजे वीस, आणि एप्पत्तु म्हणजे सत्तर. दात असलेल्या माणसानं म्हटलं तर फरक कळतो.

वर्षाला पन्नास रुपयांचं भोक. हे वही घेऊन बसले. तूप गेलं, चहा गेला. मग म्हणाले, "दोघांची पाच-पाच वर्षं कमी करून बघतो." तरी जुळंना. शेवटी जुनी टोपी काढली, "वखारीत परत जातो," म्हणाले आणि टोपी झटकली. तिच्यातनं जी धूळ उडाली, त्यानंच असा खोकला लागला की भिंत धरून खाली बसले. मी ती टोपी उचलून चुलीत घातली.

आणि तशीच मी गेले अज्जीकडं. ती एकटीच, ताकात भिजवलेली भाकरी चघळत बसलेली. माझं कानडी चार शब्दांचं. तेवढ्यात सांगितलं, दोन्ही वेळचं मऊ जेवण मी देते, पण भाडं, आणि एकेक अक्षर दातांखाली धरून म्हटलं, "इप्पत्तु."

"एप्पत्तु?"

"इप्पत्तु, अज्जी."

ती हसली. कानडीत म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला ऐकू येत न्हाय, पर तुला बोलता येतंय." ठरलं. ह्यांनी लगेच वही उघडली आणि मला हळूच विचारलं, "अज्जीचं आयुष्य किती धरायचं?"

मग लढाई आली, तांदूळ कंट्रोलात गेला. वहीतले भाव आता आम्ही करमणुकीला वाचतो. हे अजून हाईत, अज्जीपण हाय, कुणीच हिशोबाप्रमाणं वागलं न्हाय.

जावांनो, तुम्हांला आठवत असंल, गेल्या पंचमीला मी निपाणीला आलते आणि तिसऱ्याच दिवशी बोचकं बांधलं. थोरल्या जाऊबाई, आपल्या आक्का, म्हणाल्या, "आठ दिवस तरी ऱ्हा की गं."

"न्हाय आक्का, घरी जायला पायजे. हे अज्जीला कडक भाकरी वाढतील."

"घरी? मग हे काय हाय?"

चौदाव्या वर्षी माप ओलांडलं ते त्याच उंबऱ्यावरचं. तोंडातनं निघून गेलं, "हे माहेर."

सासरला माहेर म्हणणारी मीच पहिली असंन. पण आक्कांनी वाद घातला न्हाय. आत गेल्या, आणि लेक निघाल्यावर भरतात तशी माझी ओटी भरली.