उघड्या दाराची कडी

मोठीमाय उघड्या दाराचीही कडी वाजवायची. शेजारीण समोर भाकरी थापताना दिसत असली तरी ही बाहेर उभी राहून कडी वाजवणार आणि आतून "ये वं माय" ऐकल्यावरच पाय टाकणार. साऱ्या गल्लीला ते हसू यायचं. ती म्हणायची, "घर भाडानं ऱ्हायनं ते काय व्हयनं, उंबरा तिनाच शे."

ती माझ्या मोठ्या काकांची बायको. माझे वडील गेल्यावर काकांनी मला धुळ्याहून सुरतेला आणलं. बमरोलीत एक खोली, कोपऱ्यात मोरी, मोरीला जुन्या लुगड्याचा पडदा. काका पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये. मोठीमाय घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची आणि मला पोटच्या पोरीसारखं दटावायची.

तिचं वैर एकाच माणसाशी होतं, घरमालकाशी. सगळे त्याला काका म्हणायचे. माणूस तसा गोड बोलायचा, पण दुसरी चावी त्याच्या खिशात. मनात आलं की कुलूप उघडून आत. दार लोटलेलं असलं तर सरळ आतच. विचारलं तर म्हणायचा, "आपडुं ज घर छे ने."

एकदा मी मोरीत अंघोळीला बसले होते. घरमालक नळ गळतो का बघायला आले आणि पाण्यावर भाषण देत उभेच राहिले. मोठीमाय पडद्यापुढे पदर पसरून उभी राहिली. एवढंच म्हणाली, "काका, कडी बजाके आव." ते हसले. ते जाईपर्यंत तिचे हात खाली आले नाहीत. त्या दिवशी तिने दाराला आतून नवी कडी लावून घेतली, आणि आठवड्याच्या आत घरमालकांनी माणूस पाठवून ती उखडून नेली. वर निरोप, "फावे तो रहो, नी फावे तो खाली करो." जमलं तर राहा, नाहीतर खोली सोडा. जाणार कुठे? माझ्या काकांची छाती रंगाच्या वाफेने बसलेली, मिल पायी जाण्याएवढी जवळ.

कायदा आहे म्हणतात, मालकानं आधी कळवल्याशिवाय आत यायचं नाही. असेल. आमच्या गल्लीत यायला त्याला रस्ता सापडला नसावा.

श्रावणात आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसते. तिच्या नैवेद्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, लेकीच्या सासरच्यालाही तुकडा द्यायचा नाही. त्या रविवारी कानबाई चौरंगावर सजली होती, आणि बुटांसकट घरमालक आत. मागे एक दलाल. खोली दाखवायला आणलेला. भिंतीची ओल दाखवता दाखवता त्यांनी ताटातला रोट मोडला आणि तोंडात टाकला. "सरस छे," म्हणाले.

 ते गेल्यावर मोठीमायने सगळे रोट फडक्यात बांधले आणि खाडीच्या कडेला खड्डा खणून पुरले. वर्षाचा सण उपाशी गेला. परतताना वाटेत म्हणाली, "मले नही ते नही, कानबाईले तरी इचारनं व्हतं." तिला रडताना मी तेवढंच पाहिलं. आजही आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढे माझं लग्न होऊन मी सुरतेच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला आले. फोनवर ती दर वेळी एकच सांगायची, घरमालक अजून तसाच येतो. एकदा तरी त्यानं कडी वाजवावी आणि आपण आतून "या" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. मोठं काही मागितलं नव्हतं बाईने.

मागच्या वर्षी ती गेली. मी पोहोचले तेव्हा तिला जमिनीवर ठेवलं होतं, दार सताड उघडं. बायका भोवती बसलेल्या. थोड्या वेळाने घरमालक आले. बूट बाहेर काढले, टोपी हातात घेतली. आणि त्या उघड्या दाराची कडी त्यांनी हळूच वाजवली.

सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. "या" म्हणायचं ते तिनं. मी मान खाली घालून तिच्या कपाळाचं कुंकू नीट करत राहिले. तिला घेऊन आम्ही निघेपर्यंत ते उंबऱ्याबाहेरच उभे होते.