कोयता बांधावर

आमच्या पाड्यावर भात झोडून झालं की माणसं पांगायची. डोंगरउताराची जमीन, पावसावरचं एकच पीक. होळीपर्यंत घरचं भात, नागली पुरली तर नशीब. बा गुजरातच्या बंदरात जाऊन मासेमारीच्या बोटीवर खलाशी व्हायचा. डोंगरातला माणूस, समुद्र त्यानं पहिल्यांदा बघितला तो बोटीवर चढतानाच.

एका हंगामात त्याची बोट परत आली नाही. दुसऱ्या बोटीवरच्या आमच्याच माणसानं फोन केला. जाळ्यामागं जाताना हद्द ओलांडली, पाकिस्तानच्या गस्तीनं सगळ्यांना धरून नेलं. पाण्याला बांध कुठं असतो? आई एवढंच म्हणाली, "जिता हाय ना?"

जिता होता, तिकडच्या तुरुंगात.

मी बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लागले आणि पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र घेतलं. सकाळी कॉलेज, दुपारी पाळी. घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच.

शेवटच्या वर्षाला होते तेव्हा दोन्ही देशांत पेटलं. इकडची निरपराध माणसं मारली गेली होती. माझंही रक्त तापलं होतं, खोटं कशाला बोलू! पण बा तिकडं कुलपात. कुठल्या बाजूला तोंड करून रागवायचं तेच कळेना.

कॅंटीनमध्ये सुपरवायझर रोज लढाई जिंकायचा. "अब की बार अंदर घुसके पूरा साफ करना चाहिए."

माझ्या शेजारी जळगावकडची एक ताई बसायची. ती म्हणाली, "ओ साहेब, हिचा बाप आहे तिकडं. त्याला तरी बाहेर येऊ द्या आधी."

"तो गया क्यों था उधर? दावत खाने?"

सगळे हसले. मी कंत्राटावरची. डब्यातली भाकरी खाली मान घालून संपवली.

त्याच आठवड्यात लढाई झालीच तर काय करायचं, याची तालीम झाली. भोंगा वाजला आणि आम्ही सगळ्या पॅकिंगच्या टेबलांखाली शिरलो. एक जण खुदखुदत होती. मला हसू येईना. आम्ही टेबलाखाली तरी होतो, आणि दार उघडं होतं.

सुट्टीला घरी गेले. आई राब भाजायच्या तयारीत होती. रोपं टाकायच्या जागी पालापाचोळा, शेण पसरून आमच्याकडं जमीन भाजतात. मी म्हटलं, "जाऊ दे ना सैन्य आत. तुरुंग फोडतील, बा सुटंल."

आई पाला पसरता पसरता म्हणाली, "फोडताना आतल्याला इचारतात काय?"

मी शेणाची पाटी उचलली.

राब पेटवला आणि वारं फिरलं. जाळ बांधाकडं धावला. पलीकडं शेजाऱ्याची पेंढ्याची उडवी. त्याच बांधावरून आमचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. तो पोरांना घेऊन धावत आला. कमरेचा कोयता काढून त्यानं हिरवी फांदी तोडली, कोयता बांधावर रोवला आणि मगच आमच्या शेतात पाय टाकला. पोरांनीही तेच केलं. आमच्यात रीतच तशी, दुसऱ्याच्या शेतात कोयता घेऊन शिरायचं नाही. जाळ झोडपून विझवला. आई म्हणाली, "पाणी पी."

"बांधावर दे," तो म्हणाला आणि आधी बांधावर जाऊन उभा राहिला.

पुढं तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "एका देशानं दुसऱ्या देशात सैन्य घुसवणं कधी न्याय्य ठरतं का?" स्वसंरक्षण, शेवटचा उपाय, सगळं मी पाठ म्हणून दाखवलं.

"हे पुस्तकाचं झालं. तुमचं काय?"

मी राबाचं सांगितलं. म्हटलं, "त्याची आग माझ्या घरावर आली तर मी बांध ओलांडणार, मॅडम. विचारायला थांबणार नाही. पण आग विझवायची आणि मागं फिरायचं. त्याचं झाड तोडायचं नाही, बांध सरकवायचा नाही."

"देश म्हणजे शेत नव्हे. आग विझली हे ठरवणार कोण?"

"तीच तर अडचण आहे. हातात कोयता असला की आग विझलेली दिसतच नाही. आणि आत अडकलेल्याला कुणी विचारत नाही."

"तुमचं कुणी आहे का आत?"

"बा."

मॅडमनी गुण लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

सैन्य आत घुसलं नाही. गोळीबार थांबला. पण कैद्यांची सुटका अडकली ती अडकलीच. माझा निकाल लागला, पावसाळा गेला, भात कापलं, तरी निरोप नाही. आई सणाला गोड करायची आणि बाच्या वाटणीचं झाकून ठेवायची. दुसऱ्या दिवशी आम्हीच खायचो.

मग सुटणाऱ्या कैद्यांच्या एका तुकडीत त्याचं नाव आलं. या खेपेला त्यानं हद्द पायी ओलांडली, दोन्ही देशांच्या शिपायांसमोर.

घरी आल्यावर तो बरेच दिवस दाराशी जाऊन थांबायचा, कुणी उघडायची वाट बघत. मी विचारलं, "तिकडं भोंगा वाजला होता का?"

"वाजला. पहारेकरी खाली तळघरात गेले. किल्ल्या त्यांच्या कमरेला, आमी कुलपात."

"मग?"

"मग काय? बसलो. दोगांचीबी विमानं एकसारकीच वाजतात."

आता तो दार स्वतः उघडतो. या वर्षी राब त्यानंच भाजला. आणि मी बी.ए. झाले आहे, आमच्या पाड्यावरची पहिली.