आज घंटा कोण देणार?

वर्ष संपत आलं की मोठ्या बाई मला बोलावतात आणि शाळेचा वार्षिक अहवाल लिहायला सांगतात. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. मी भूगोल शिकवते, अहवालाशी माझा काही संबंध नाही, पण एकदा हो म्हटलं ते कायमचं गळ्यात पडलं! अहवालात जातं काय? खो-खो, तृतीय क्रमांक. विज्ञान प्रदर्शन, उत्तेजनार्थ. बाकीचं सगळं स्टाफरूममध्ये चहाबरोबर साचत राहतं. यंदा इतकं साचलंय की म्हटलं, सांगून तरी टाकावं.

आधी आमची एक रीत सांगते. आमची परळची शाळा लहान, एका जुन्या संस्थेची, मराठी माध्यमाची. वऱ्हांड्यात, माझ्या नववी अ च्या दाराबाहेर, पितळेची जाड घंटा टांगलेली आहे. बाहेरून बक्षीस आणणाऱ्या मुलाने त्या दिवशी शाळा सुटल्याची घंटा द्यायची, अशी पद्धत आहे. प्रमाणपत्रं कपाटात जातात, मुलांना त्यांचं काही नसतं. पण सगळी शाळा आपल्या हाताने सोडायची, याची ऐट वेगळीच. सकाळपासून शिपाई सावंतमामांच्या मागे एकच भुणभुण, आज घंटा कोण देणार?

* * *

संस्थेच्या एका विश्वस्तांचा नातू पाचवीत आहे. त्याच्या वाढदिवसाला आजोबा स्वतः पेढे घेऊन शाळेत आले. आज घंटा नातवाच्या हातून व्हावी, एवढीच इच्छा त्यांनी बोलून दाखवली. विश्वस्तच ते, नाही कोण म्हणणार? सावंतमामा हातोडा पुढे करायच्या बेतातच होते.

मोठ्या बाईंनी पेढा घेतला, सावकाश खाल्ला, हात पुसला आणि म्हणाल्या, "जन्माला येण्यात याचं काय कर्तृत्व? त्रास याच्या आईला झाला. तिला बोलवा, आज घंटा ती देईल."

आजोबा हसले की रागावले, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुपारी त्या मुलाची आई खरंच आली आणि लाजत लाजत घंटा देऊन गेली. त्यानंतर बक्षिसाशिवाय घंटा मागायची कुणाची टाप झाली नाही.

* * *

आमच्या शाळेला मैदान नाही. खेळाचे जाधव सर मुलींचा खो-खो गच्चीवर घेतात. गच्चीच्या एका अंगाला पाण्याची टाकी, त्यामुळे रांगेत आठ मुली बसायला हव्यात तिथे सहाच बसतात. टाकी आली की वळायचं, हे पोरींच्या पायांत बसलेलं.

दादरच्या स्पर्धेत पहिल्यांदाच खऱ्या मैदानावर उतरल्या. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पळावंच लागतं, नाहीतर फाउल. आमची प्रत्येक पोरगी सहावी मुलगी ओलांडली की गर्रकन वळायची! पंचांची शिट्टी तोंडातून निघेना. जाधव सर रेषेबाहेरून घसा फोडत होते, पण पाय काही ऐकत नव्हते.

मध्यंतरात कप्तान सानिकाने सगळ्यांना गोळा केलं. सानिका परब, माझ्याच वर्गातली, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारी. ओरडली नाही की चिडली नाही. एवढंच म्हणाली, "इकडे टाकी नाय गं. अजून पुढे जागा आहे."

तिसरा नंबर आला. दुसऱ्या दिवशी सानिकाने घंटा दिली, तेव्हा जाधव सर वऱ्हांड्यात उभे राहून डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, खडूची धूळ गेली. खेळाच्या सरांचा आणि खडूचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

* * *

सानिकाच्या बाकावरची तन्वी. तिची आई लालबागला मसाल्याच्या गिरणीत मिरच्या दळते. या दोघींनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक यंत्र केलं. जुना पंखा, पत्र्याचा डबा आणि ओलं फडकं. दळताना उडणारी मिरचीची पूड ओढून घ्यायची, एवढंच त्याचं काम. वर्गात करून बघितलं तेव्हा मस्त चाललं होतं.

प्रदर्शनात परीक्षक आले. तन्वीने मिक्सरमध्ये मिरच्या टाकल्या आणि मिक्सर सुरू केला. पंखा मात्र बंदच ठेवला. परीक्षक शिंकायला लागले, शेजारच्या टेबलावरचे सौरऊर्जेवाले शिंकायला लागले, मी तोंडाला पदर लावला. मला वाटलं पोरगी घाबरून विसरली. सानिका पंख्याच्या बटणावर बोट ठेवून शांत उभी होती. परीक्षक कसेबसे म्हणाले, अगं, पंखा लाव ना.

तन्वी म्हणाली, "लावते सर. आधी माझ्या आईला काय होतं ते बघा."

मग सानिकाने बटण दाबलं. थोड्या वेळाने हवा निवळली. नंबर नाही आला, उत्तेजनार्थ मिळालं. त्या दिवशी घंटेचा हातोडा दोघींनी मिळून धरला होता आणि सावंतमामांनी त्याला हरकत घेतली नाही.

* * *

गणपती झाले आणि सानिकाची चाळ रिकामी करायची वेळ आली. तिथे टॉवर होणार. तोवर भाड्याने राहायचं, पण बिल्डरकडून मिळणाऱ्या भाड्यात इथे आसपास कुठे खोली मिळते? वडिलांनी लांब, लोकलने दीड तासावर, बदलापूरला जागा बघितली आणि मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आले. मुलगी पुढच्या वर्षी दहावीला.

आता मोठ्या बाईंची ख्याती अशी, की त्यांच्या कार्यालयात कागद रेंगाळत नाही. पण परब आले तेव्हा प्रिंटर बिघडलेला निघाला. पुन्हा आले तेव्हा शिक्का सापडेना. त्यानंतर आले तर सही करणाऱ्या मोठ्या बाईच मीटिंगला गेल्या होत्या. मी त्या मीटिंगच्या खोलीत डोकावले. बाई एकट्याच बसून पेपर वाचत होत्या! इतक्या वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना कधी बघितलं नव्हतं. जमतही नव्हतं त्यांना.

परब लिफ्टमन आहेत, दिवसभर माणसं बघतात. त्यांच्या काय लक्षात यायचं राहिलं असेल? पुढच्या खेपेला ते बाकावर बसले, सावंतमामांनी दिलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "बाईंना सांगा, सावकाश शोधा शिक्का. माका पण घाई नाय."

* * *

मधल्या काळात स्टाफरूममध्ये खलबतं चालली. जाधव सर म्हणाले, पोरीला शाळेच्या दिवसांत आमच्याकडे राहू दे, रविवारी घरी जाईल. मी म्हटलं, आमच्याकडे. आम्ही वाद घालतोय तोवर तन्वीची आई येऊन सानिकाच्या आईशी बोलूनसुद्धा गेली होती. एका खोलीत पाच माणसं, त्यात सहावी मावेल म्हणाली. आमचा वाद तिथेच मिटला.

पण सानिकाच तयार होईना. मी तिला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. दहावीचं वर्ष, खो-खो, तन्वी, सगळं तिच्यापुढे मांडलं. भूगोलाच्या तासाला ऐकते तसं तिने नीट ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "बाई, पप्पा कामाला इकडेच येणार. भाऊ लहान आहे. आईला तिकडे ओळखीचं कोण नाय. मी पण इकडे राहिले तर ती बोलणार कुणाशी?"

मला तिचा राग आला, खरं सांगते. या वयात एवढं शहाणं असू नये. मग स्वतःचाच राग आला आणि मी तिला डबा खायला पाठवलं.

* * *

शिक्का अखेर सापडला. सापडायलाच हवा होता. सहामाही संपेपर्यंत थांबायचं परबांनी कबूल केलं होतं, आणि त्याच आठवड्यात खो-खोची दुसरी स्पर्धा होती. सगळ्या शाळेने मनात एकच धरलं होतं. पोरी जिंकतील आणि जाताना सानिका घंटा देऊन जाईल.

पहिल्याच सामन्यात हरल्या. आता खांबापर्यंत धावत होत्या, चूक एकही नव्हती, समोरच्या मुली चांगल्या खेळल्या एवढंच. परतताना जाधव सरांनी सगळ्यांना दादरला सरबत पाजलं.

तिचा शेवटचा दिवस आला तेव्हा सावंतमामांना कुणी विचारलं नाही, आज घंटा कोण देणार म्हणून. पोरांनाही कळतं. शेवटचा तास माझा होता. फळ्यावर कोकणाचा नकाशा काढलेला, सानिका तन्वीशेजारी खाली मान घालून नद्या रंगवत होती. दारातून खाली फाटकाजवळ उभा असलेला टेम्पो दिसत होता. त्यात गाद्या, कपाट, शिलाई मशीन, आणि शेजारी परब धाकट्याचा हात धरून उभे होते.

तास संपत आला तशा मोठ्या बाई वऱ्हांड्यात आल्या. त्यांनी सावंतमामांच्या हातातून हातोडा घेतला आणि दारात येऊन सानिकाला हाक मारली.

सानिका उठली. तिथूनच म्हणाली, "बाई, पण आम्ही हरलो."

"माहीत आहे मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "ये."

ती बाहेर गेली. बाईंनी हातोडा तिच्या हातात दिला आणि जरा लांब जाऊन उभ्या राहिल्या. सानिकाने हातोडा उचलला, घंटेकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली.

शाळा सुटायची वेळ झाली. मग ती वेळ टळून गेली. वरच्या मजल्यावर पाचवी-सहावीची पोरं, एरवी पाच मिनिटं आधी दप्तर पाठीवर घेऊन बसणारी, त्यांचासुद्धा आवाज येईना. सावंतमामांनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तर परबांनी हात वर करून त्याला थांबवलं.

नववी अ मध्ये एकानेही दप्तर भरलं नव्हतं. तन्वीने सानिकाची वही आपल्या पुढ्यात ओढली आणि तिची राहिलेली नदी रंगवायला घेतली.

मी खडू उचलला आणि पुढचा धडा सुरू केला.