डाव्या कानातली घुगरी

आमच्या तांड्यात कोणाले चिंचेवर बाई दिसे, कोणाले नाल्यात पाय धुणारा माणूस दिसे. मले कधी काईच दिसलं नाई. मी म्हणो, दिवसभर कापूस येचून येता, ज्वारी दयता, मंग पडल्यावर तुमाले सपनं पडतात का भुतं दिसतात, तुमचं तुमाले ठाऊक... आजबी मी अंगारा-धुपारा मानत नाई. पण माह्या सोतावर जे गुजरलं ते सांगून राह्यली. नात मोबाईलवर लिहून घेऊन राह्यली. ती म्हणे, आजी, खरं तेवढंच सांग. मी म्हटलं, बाई, खोटं सांगाचं असतं तर याच्यापेक्षा चांगलं सांगतलं असतं.

फुलसावंगीच्या पल्याड, नाल्याच्या काठी आमचा तांडा. अल्याड घरं, पल्याड वावर, मधात नाला. पावसाया सरला की गोट्यावर पाय देत देत नाला उतराचा. आमी बंजारे. आजे-पणजे बैलावर मीठ लादून मुलुखभर फिरत, सासऱ्याच्या वक्ती ते बैल वावरात जुपले.

महाराष्ट्र नवा नवा झालता, त्या टाइमाची गोष्ट. माही पयली पोट्टी पारू नुकती बसाले लागलती. मले डाव्या कानानं ऐकू येईना. डोकं असं ठणके की भितीले टेकवून बसो. डोक्यावरची घागर डाव्या अंगाले कलंडे, अन् मंग घागरीसंग मीबी. पुसदच्या डॉक्टरनं यवतमाळले धाडलं, यवतमाळच्यानं मुंबईले. तिथी सांगतलं, कानाच्या मांगं डोक्यात गाठ हाये, निंबाएवढी. काढा लागते.

ऑपरेशनच्या पयले नर्सबाई केस काढाले आली तर मी दोन्ही हातानं घुगऱ्या धरून बसली. तुमाले सांगा लागन... आमच्यात लग्न झालेल्या बाईच्या दोन्ही गालावर, केसात गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या लोंबत. चाललं की छुमछुम वाजत. नवरा मेला तरच त्या उतरत. नर्सबाईले मी हे कसंबसं सांगतलं. ती म्हणे, "तुझा नवरा बाहेर बसलाय ना धडधाकट? बिड्या ओढतोय. मग?" तिनं घुगऱ्या सोडल्या अन् याईच्या, म्हणजे माह्या मालकाच्या, हातात नेऊन देल्या. याईनं धोतराच्या सोग्यात बांधून ठेवल्या.

वाचली. ऑपरेशनच्या मांगून किती दिवस तरी विजेचा शेक देला. जिथी शेक देला तिथी, डाव्या बाजूले, केस उगवलेच नाई. आजबी नाई. डावा कान गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणे, गाठीसंग कानाची नसबी गेली, आता त्या कानात काही येणार नाही. अन् म्हणे, "चक्कर येत राहील, तोल जाईल. तरी रोज चालायचं. बसून राहिलीस तर कायमची बसशील."

घरी आलो त्या दिवसाची गंमत सांगतो. फुलसावंगीहून एकाची गाडी भेटली. नाल्यावर हे पाणी प्याले उतरले, अन् गाडीवाल्यानं मले तांड्याच्या तोंडाशी उतरवून देलं. म्हाताऱ्या बायका तिथीच गोधड्या शिवत बसल्या होत्या. त्यायनं पाह्यलं, डोक्यावर फडकं, गालावर घुगरी नाई, मांगं नवरा नाई. एकमेकीकडं पाह्यलं अन् गया काढला. माही सासू होती तिथीच मातीत बसली. मले काई समजेना. एका कानानं ऐकू ये, त्यात इतक्या जणी एकदम रडून राह्यल्या. मले वाटलं, माही पारू गेली. मीबी रडाले लागली. मी रडली तशी त्यायची खात्रीच पटली.

तेवढ्यात हे आले. डोक्यावर गाठोडं, मिशीले पाणी. इचारलं, "कोण मेलं बाप्पा?"

सासू म्हणे, "तूच."

मंग हासू, मंग पुन्हा रडू. सासूनं उभ्या उभ्या याईच्या सोग्याची गाठ सोडली. म्हणे, दुसऱ्या डाव मले असं रडाचं नाई. उजवीकडं बोटभर केस आलते, त्यात काया धागा गुंफून तिनं एक घुगरी बांधली. डावीकडं बांधाले काईच नव्हतं. ती घुगरी लाल फडक्यात गुंडाळून टिनाच्या पेटीत ठेवली.

पारू मले वयखे ना. सासूच्या मांडीवरून टुकूटुकू पाहे. चालाले लागलती, दोन दोन शब्द बोले, अन् याडी सासूले म्हणे. याडी म्हणजे आई. मी मनाले म्हटलं, होईन... मुंबईले किती महिने गेले, लेकराचा काय दोष. दोन-चार दिवसानं तिले उचलून घेतलं, चुलीपासून दारापरयंत गेली, अन् जमीन अशी फिरली जसं कोणी पायाखालची सतरंजी वढली. मी पडली, माह्या खाली पारू. तिचा समोरचा दात तुटला. सासू धावत आली. मले शिव्या देल्या नाई. लेकरू घेतलं, तोंड पुसलं अन् म्हणे, "सरकं चालता आलं की घेजो. तवरोक हात लावू नको." खरंच बोलली ती. मी तिच्या जागी असती तर हेच केलं असतं. पण त्या दिवसापासून माही पोट्टी माह्याच घरात दुसऱ्याची झाली.

मंग मी चालाले लागली. खाली वाकली की फिरे, वर पाह्यलं की फिरे, अंधार पडला की पाय कुठी टाकाचा तेच समजे ना. भितीले हात लावत चालो. जाऊ म्हणे, "सकायीच लावून आली काय? आमाले तरी बोलवाचं." मी म्हणो, "तुह्यासाठी उरली नाई." काय करता... हासलं तर दिवस जाये. याईनं मले एक जागा दाखवली. पऱ्हाटीच्या दोन ओयीमंदी चाल म्हणे, पडली तरी पऱ्हाटीवर पडशीन. आमी पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड म्हणतो. रोज सकायी त्या तासातून, म्हणजे दोन ओयीच्या मधल्या वाटेनं, वावराच्या बांधापरयंत, धुऱ्यापरयंत, जाओ अन् परत येओ. हातपाय ओरबाडून निंघत. पडो, उठो. पारूले घ्याचं हाये, एवढंच डोक्यात.

अन् तिथीच पयले झालं ते. तासाच्या मधात असतानी डाव्या कानापाशी घुगरी वाजली. छुम्... एकदाच. मले वाटलं जाऊ मांगून आली, घुमून पाह्यलं. कोणी नाई. लगेच जमीन फिरली अन् मी पऱ्हाटीवर. मंग उठता उठता ध्यानात आलं, तो कान तर मेलेला हाये. त्या कानापाशी आमचा बैल हंबरला तरी मले समजे ना.

दुसऱ्या दिवशी नाई झालं. नंतर पुन्हा झालं, पुन्हा झालं. छुम् वाजे अन् मंग घेरी ये. कधी आंधी वाजलं अन् घेरी नाई आली असं झालं नाई. मी म्हटलं, हे तर बरंच हाये बाप्पा. आता वाजली की जिथी असन तिथी खाली बसाचं. वावरात बसली, आंगणात बसली. एकदा ढाणकीच्या बाजारात मिरच्यावालीच्या समोर, भर गर्दीत बसली. मिरच्यावाली म्हणे, घ्याच्या असन तर घे, ठिय्या कायले मांडला? पण पडणं थांबलं.

याईले सांगतलं. यायचा सोभाव शांत. म्हणे, उजवी घुगरी वाजत असन, तुले डावीकडं वाटत असन. मंग एक दिवस वावरात ते माह्यासंग चालले, उजवी घुगरी मुठीत घट्ट धरून. नवरा बायकोची घुगरी धरून तासातून चालून राह्यला, लोकायनं पाह्यलं असतं तर जनमभर हासले असते. तरी वाजलं. मी बसली, घेरी आली, गेली. ते घरी येऊन गुपचूप पेटी उघडून आले. डावी घुगरी लाल फडक्यात होती तशीच होती.

पुसदच्या डॉक्टरलेबी इचारलं. तो चांगला माणूस, हासला नाई. म्हणे, अशा ऑपरेशननंतर मेलेल्या कानात आवाज येतात, कोणाले शिट्टी, कोणाले घंटा. चक्कर यायच्या आधीही येऊ शकते. मले पटलं. आजबी पटते. एवढंच असतं तर मी तुमाले सांगत बसली नसती.

कापूस येचाचे दिवस आले. दीर-जाऊ गाडी घेऊन ढाणकीले गेले होते, वावरात आमी दोघं, सासू अन् पारू. सासूनं येचलेल्या कापसाच्या ढिगात पाय ठेवला अन् तिले इच्चू चावला. मोठा, काया. म्हातारी दातावर दात ठेवून बसली, पण पाय धरे ना, घाम सुटला. याईनं तिले पाठीवर घेतलं. तांड्यात औषध देणारा होता. अन् पारू? तिले वावरात एकटीले ठेवता येत नव्हतं. दोघीले याईले नेता येत नव्हतं. हे माह्याकडं पाहाले लागले. मी सासूकडं पाह्यलं. पाठीवरून ती म्हणे, "घे." बस, एवढंच.

मी पारूले डाव्या कडेवर घेतलं. उजवा हात मोकया पाह्यजे म्हणून आमी बायका लेकरू डावीकडंच घेतो. किती दिवसानं ते वजन आंगावर आलं... तिनं रडून पाह्यलं, मंग गप बसली. हे लांब लांब पाय टाकत समोर गेले. मी दूर एका झाडावर नजर ठेवून चालली, डॉक्टरनं सांगतलं तशी. सारं ध्यान कानात होतं. वाजली की बसाचं. धुऱ्यापरयंत नाई वाजली. नाल्यापरयंत नाई वाजली.

नाल्याले टोंगयाच्या, गुडघ्याच्या, खाली पाणी होतं, पण गोटे धारेचे, पाय कापणारे. हे पल्याड पोचून सासूले खाली टेकवत होते, मले हात द्याले येणार होते. मी थांबली नाई. पयल्या गोट्यावर पाय देला, दुसऱ्यावर देला. मधातल्या मोठ्या चपट्या गोट्यावर आली. कान चुप. काईच नाई.

तवा पारूनं हात वर केला. लेकरं जसं घुगरीसंग खेयतात ना, तसा माह्या डाव्या गालापाशी हात नेला, जिथी केस नाई, घुगरी नाई, काईच नाई. हवेतच मूठ वयली, जसं काई धरलं. अन् हासून म्हणे, "याडी, छुमछुम."

मले आयकू आलं नव्हतं, हे मी आजबी सांगून राह्यली. मले काईच आयकू आलं नव्हतं. पण मी त्या गोट्यावर खाली बसली. पारूले दोन्ही हातानं पोटाशी धरलं, टोंगये वर घेतले. अन् मंग आली. अशी आली की नाला वर गेला, आभाय खाली आलं, याईच्या हाका जशा विहिरीतून येत. इतकी मोठी घेरी मले त्याच्या पयले आलती ना त्याच्यानंतर आली. उभी असती तर दोघी धारेच्या गोट्यावर पडलो असतो.

थांबली तवा पारू माह्या गयात हात घालून बसलती. हे पाण्यात उभे राहून आमाले धरून होते.

घरी आलो, सासूले औषध लावलं, तिचा पाय ठणकत राह्यला. दिवे लागले तवा पारू सवयीनं तिच्या गोधडीत जाऊन पडली. सासूनं तिले उठवलं अन् माह्या गोधडीवर आणून ठेवलं. मी म्हटलं, राहू द्या, झोपली हाये ते. सासू म्हणे, "मी पल्याडून पाह्यलं. पोट्टीच्या मुठीत होतं काई. मले चमकलेलं दिसलं." मंग जराशानं म्हणे, "मले याच्यापुढं इचारजो नको."

मी इचारलं नाई. तिनंबी नंतर कधी तोंड उघडलं नाई, मरेपरयंत. पारूले इचारलं तर तिले काई आठवतच नाई. दोन वर्साचं लेकरू, काय आठवन.

छुमछुम मंग हयूहयू कमी झालं. घेऱ्याबी कमी झाल्या, पण पुऱ्या गेल्या नाई. पुन्हा लेकरं झाली, नाल्यातून हजार डाव गेली-आली, डोक्यावर भाराही घेतला. अंधारात अजून भितीले हात लावा लागते. चालत राह्यली, हे मात्र खरं. डॉक्टरचं ते आयकलं म्हणून आज बोलून राह्यली, तुमच्यात कोणाले असा तरास असन तर घाबरू नका, चाला, पडा, उठा.

बाकी ते काय होतं, मले माहीत नाई. कोणी शिकलेल्यानं सांगतलं तर आयकून घेईन. त्या रात्री पारूनं झोपेत पाय माह्या पोटावर टाकले अन् सकायीपरयंत काढले नाई, एवढं मले माहीत हाये.