दगावला

रहिमतपूरच्या आमच्या घरात चुलतीच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्राचं एक पिवळं कात्रण आहे. विहीर खोदताना दरड कोसळली आणि चुलता गेला, त्याची ही चार ओळींची बातमी. ‘एक मजूर व दोन बैल दगावले.’ संपलं. नाव नाही. शेजारच्या चौकटीत कारखान्याच्या कुणा संचालकाच्या मातोश्री ‘वैकुंठवासी’ झाल्यात. फोटोसकट.

चुलतीला वाचता येत नाही. दर वर्षी चुलत्याच्या तिथीला ती कात्रण माझ्यापुढे धरते. “वाच रं. मोठ्यानं.” पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पाचवीत होतो. बैल गाळले, चुलत्याचं नाव घातलं आणि ‘यांचे दुःखद निधन झाले’ असं ठोकून दिलं. तेव्हापासून तेच खोटं वाचतोय. आता तिला ते पाठ झालंय. एखादा शब्द इकडचा तिकडं झाला की अडवते, “गेल्या साली असं न्हवतं.”

साताऱ्याला कॉलेजात असताना वाचनालयात जुने अंक उपसत बसायचो. मोठी माणसं कालवश व्हायची, दिवंगत व्हायची. मजूर दगावायचे, बाळंतिणी दगावायच्या, त्याच पानावर खाली कोंबड्या दगावायच्या. दगावला म्हटलं की कुणामुळं, हे विचारायचंच कारण उरत नाही. साथ आली, ऊन लागलं, दगावला. बातमी लिहिणारा मोकळा, वाचणारा मोकळा. हा शब्द मी जन्मात लिहिणार नाही, असं तिथंच ठरवलं.

मग मी तो लिहिला.

मिरजेजवळ विश्रामबागेत आमच्या कामगार संघटनेचं ऑफिस आहे. पत्रकं मी लिहितो. मिरजेत ठेकेदारानं एका सफाई कामगाराला तोंडाला काही न देता गटाराच्या चेंबरमध्ये उतरवलं. तो आतच गुदमरला. मी लिहिलं, ‘ठेकेदाराने कामगार मारला.’ आमचे वकील म्हणाले, “गड्या, अब्रूनुकसानीचा दावा ठोकेल तो. जरा सौम्य कर.” मी सौम्य केलं. हात आपोआप कुठं गेला बघा. ‘चेंबरमध्ये गुदमरून कामगार दगावला.’ पुढच्या ओळीत त्याचं नाव, वय.

पत्रकाचा गठ्ठा घेऊन त्याच्या बायकोकडं गेलो. तिनं उभ्यानंच वाचलं.

“आवं दादा, गेल्या साली आमची म्हस दगावली. ह्यांना त्यांनी मारलंय. तसं लिवा की.”

“वहिनी, केस पडंल.”

“पडू द्या. आमच्यावर काय कमी पडलंय? का तुमीबी त्या ठेकेदाराला भिताय?”

भीत होतो. तेच तर खरं.

मग तिच्या दारातच बसलो. प्रत्येक पत्रकावर तो शब्द पेनानं खोडायचा आणि वर ‘मारला’ लिहायचं. ती माझ्यापेक्षा जोरात खोडत होती, कागद फाटत होते. पण न खोडलेला मजकूर सकाळीच मी फोनवरून पेपरवाल्यांना धाडला होता. दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा छापून आला. मी तावातावानं बातमीदाराला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, शब्द तुमचाच आहे.”

आम्ही खोडलेली पत्रकं लोकांनी वाचली. दोन दिवसांनी मिरजेच्या बसस्टँडवर त्यांत भडंग बांधून मिळत होतं.

आठवड्यानं तिच्याकडं गेलो. तिनं पेपरातली बातमी कापून, प्लास्टिकमध्ये घालून, नवऱ्याच्या फोटोखाली लावली होती. मी बघत राहिलो तशी म्हणाली, “तुमचं पत्रक काय टिकतंय? पोरीला दावायला पेपरातलंच ठिवाय पायजे. नाव तरी आलंय.”

पोरगी पहिलीत आहे. भिंतीपाशी उभी राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत होती. जोडाक्षरं अजून येत नाहीत तिला. ‘मृत्यू’ लिहिलं असतं तर अडली असती.

‘दगावला’ मात्र तिनं सरळ वाचलं. मोठ्यानं.