वायरलेसची गुढी

आमच्या गावचा, पोखर्णीचा, कुणी भेटला की फौजेच्या वायरलेसचा एखादा किस्सा निघतोच. कडब्याच्या गंजीतून एक पेंढी ओढावी आणि चार अंगावर याव्यात, तसं होतं.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी गेली, आणि बनारसचं शिक्षण संपवून मी देश घडवायला गावी परतलो. गावात फौजेचा वायरलेस सेट आला होता. हवालदार बलबीरसिंग गढवालचे, त्यांना दुभाष्या हवा होता. मी धावत गेलो. त्यांनी सेटला वीज देणाऱ्या यंत्राचं हँडल माझ्या हाती दिलं आणि फिरवायला सांगितलं. देश घडवायला सुरुवात झाली!

*

सेटसाठी शेजारच्या गयामावशींनी आपला गोठा रिकामा करून दिला. म्हैस उघड्यावर बांधली. हवालदार संकोचले, तर म्हणाल्या, "रझाकाराच्या भ्यानं रानात निजत होतो, ह्या फौजेमुळं आमी घरात निजायलोत. म्हैस बसंल की बाहेर."

*

सेटवर बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांना एकदम बोलता येत नाही, हे मी मावशींना समजावून सांगितलं.

"असलं एक आमच्या भावकीला द्या," त्या म्हणाल्या.

*

चोरून ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये म्हणून सेटचं नाव रोज बदले. काल हवालदार 'कबूतर', आज 'पहाड'.

"रोज नाव बदलायलाय, मग बायकोनं हाक कशी मारावी?" मावशींनी विचारलं.

हवालदार हसले आणि घरचं सांगू लागले. घरी मुलगी झाली होती, तिला त्यांनी अजून पाहिलं नव्हतं.

*

निरोप सांकेतिक शब्दांत जायचा. त्या दिवसाच्या शब्दांचा कागद संध्याकाळी जाळायचा, असा हुकूम होता. तो मावशींच्या चुलीत जाई. सरकारी गुपितावर भाजलेली भाकरी मी खाल्ली आहे!

*

पाडव्याच्या दिवशी परीक्षा होती. प्रत्येक सेटनं लपून निरोप पाठवायचा आणि कॅप्टनसाहेब जीपमधून गावोगाव ते सेट शोधणार. सेट सापडला नाही, तर हवालदारांना सुट्टी. सापडला, तर पावसाळ्यापर्यंत नाही.

फार वेळ बोललं की शत्रू दिशा काढतो, म्हणून हवालदारांनी एकच छोटा निरोप द्यायचं ठरवलं. सेट कडब्याखाली झाकला. पण एरियलची काठी छपरावरून उंच दिसत होती, आणि ती उतरवली तर निरोप जाणार नव्हता. हवालदार डोक्याला हात लावून बसले.

काय झालं ते मावशींनी मला विचारलं. काठीकडे पाहिलं. आत जाऊन नवं लुगडं, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी आणि तांब्या घेऊन आल्या.

"दारात गुढी तर उभारायचीच हाय," त्या म्हणाल्या.

तांब्यानं आवाज जरा बसला, पण निरोप गेला.

जीप आली. दारोदार गुढ्या. कॅप्टनसाहेब मावशींच्या दारी थांबले, लिंब-गूळ खाल्ला, गुढीला हात जोडले आणि पुढं गेले.

संध्याकाळी परीक्षा संपली. सेटवर त्यांचा आवाज आला. कुठं होतात, असं विचारत होते.

हवालदारांनी बटण दाबलं. "साहेब, आपण हात जोडलेत तिथंच."

 खरखरीतून एवढंच ऐकू आलं: सुट्टी मंजूर, आणि त्या माईला नमस्कार सांगा.

नमस्कार सांगायला मी बाहेर आलो. मावशी गुढी उतरवत होत्या. त्यांनी लुगड्याची घडी केली आणि हवालदारांच्या पिशवीत ठेवली.

"बाळंतिणीला सांगा, माहेरून आलंय."