फोटो आमच्याच गावचा

नगरच्या कार्यशाळेहून परत आले तेव्हा माझ्याकडे एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि बरंच ज्ञान होतं. बंद पडलेली संकेतस्थळं कुठं बघायला मिळतात, शोधनिबंध फुकट कुठं वाचता येतात, एखादा फोटो संगणकाला दाखवून तो मुळात कुठला हे कसं शोधायचं, असं बरंच काही आम्हा ग्रंथपालांना तिथं शिकवलं होतं. प्राचार्यांनी प्रमाणपत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. ज्ञानाची चौकशी मात्र पुढं कोणी केली नाही. प्रवरेकाठच्या आमच्या कॉलेजात ग्रंथालयाला मान आहे, कारण तिथले पंखे चालतात.

मग कॉलेजचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिका काढायचं ठरलं आणि मराठीचे सर तिचे संपादक झाले. एका दुपारी ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. कुठल्याशा ग्रुपवरून त्यांना एक जुना फोटो मिळाला होता. नदीकाठचा बाजार, टोपल्या, पागोटेवाली माणसं. खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावचा शंभर वर्षांपूर्वीचा बाजार. अभिमान असेल तर पुढे पाठवा.' सरांना अभिमान होता. मुखपृष्ठावर हाच घ्यायचा, जरा मोठा करून द्या, असं त्यांनी सांगितलं.

मी मोठा केला, तर बाजारामागं नारळाची झाडं दिसली. एखाददुसरं नव्हे, रांगच्या रांग. प्रवरेच्या काठाला ऊस मी पाहिलाय, बाभळी पाहिल्यात. नारळ आम्ही देवळात फोडतो, पण येतो तो दुकानातून. शिकलेली विद्या वापरायला इतकी चांगली संधी पुन्हा मिळाली नसती. मी शोध घेतला. परदेशातल्या एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तोच फोटो सापडला. खाली स्पष्ट लिहिलं होतं की बाजार केरळातला आहे.

मी हे संपादक मंडळाच्या बैठकीत सांगायला गेले, पण मला जरा उशीर झाला होता. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आण्णा म्हणतो, ते आधीच फोटो बघून बसले होते. डावीकडच्या पागोटेवाल्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. हे आपले आजोबाच, असं ते म्हणत होते. आजोबांचा एकही फोटो घरात नव्हता. आण्णांचे डोळे भरून आले होते आणि मंडळातल्या दोघांनी त्यांच्या नाकात आजोबांचं नाक ओळखलंही होतं. त्या आजोबांना त्यांच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं.

तरी मी संग्रहालयाचं पान दाखवलं. सरांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मग सर माझ्याकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, इंटरनेटवरचं सगळंच खरं नसतं."

आण्णांनी पागोटेवाल्यावरचं बोट काही काढलं नाही. फोटो मुखपृष्ठावर आला. माझ्या मेहनतीची कदर म्हणून आतल्या पानावर 'छायाचित्र संशोधन' असं लिहून त्यापुढं माझं नाव छापलं. समारंभात मला शाल मिळाली. स्मरणिका कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवायचं कामही माझ्याकडेच आलं. खाली दुरुस्तीची एक ओळ टाकू का, असं मी लेखी विचारलं. विषय पुढच्या बैठकीत घेऊ, असं उत्तर आलं. पुढची बैठक अजून पुढंच आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी आण्णा एकटेच ग्रंथालयात आले. त्यांना तिथं बघायची सवय नसल्यानं शिपाई चहा आणायला पळाला. आण्णा माझ्यासमोर बसले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, ती नारळाची झाडं मला बी दिसली हुती."

आपल्या गावचा एखादा खरा जुना फोटो या यंत्रात मिळतो का, त्यात आजोबा असले तर बघा, असं त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव घालून शोध घेतला. सगळ्यात वर आमचीच स्मरणिका आली. नारळांसकट. संशोधन माझंच. जगाच्या पाठीवर कोणीही आमच्या गावाचा इतिहास शोधला, तर आता त्याला केरळ मिळणार होतं.

मग आम्ही दोघं बराच वेळ शोधत बसलो. जुनी गॅझेटियर, कालव्यांचे अहवाल, दोन-तीन संग्रह. शेवटी एका अहवालात नदीवरच्या बांधकामाचा फोटो निघाला. नदी आमचीच होती. माणसंही होती, पण मुंगीएवढी.

आण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "ह्यात कोनी वळखू येत न्हाई," ते म्हणाले.

स्मरणिकेतल्या फोटोचं आता काय करायचं, मी विचारलं. तो मोठा करून, चौकट करून त्यांच्या दिवाणखान्यात लागला होता, हे मला तेव्हा कळलं. सून रोज सकाळी त्याला उदबत्ती लावते.

"आता तिला काय सांगू?" आण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. कुनाचा तरी आजा असंलच की त्यो."

चहा झाल्यावर त्यांनी त्या नदीच्या फोटोची प्रत मागितली. प्रिंटरची शाई संपत आली होती, त्यामुळे प्रवरा जरा गुलाबी आली. त्यांनी ती घडी न घालता, दोन्ही हातांत धरून गाडीपर्यंत नेली.